कोल्हापूरची जॅग्वार बेळगावात: एका जुन्या गाडीच्या खरेदीचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फौंड्रीमालकाचं. खरेदीच्या वेळी वय ६२. मी त्यांना काका म्हणतो, इथेही तेच म्हणेन. गाडी विकणारे कोल्हापूरचे एक डॉक्टर, बरीच वर्षं इंग्लंडमध्ये नोकरी करून परत आलेले. दोघांना विचारून लिहितोय. ओळख पटेल असे तपशील काढलेत आणि रकमा जवळच्या आकड्यावर आणल्यात. माझा धंदा वापरलेल्या गाड्या घेण्याआधी तपासून देण्याचा. त्यामुळे यात जे चुकलं त्यातलं काही माझ्या खात्यावर आहे, तेही लिहिलंय.

गाडी होती जॅग्वार एस-टाइप, २.७ लिटर डिझेल, २००५मध्ये बनलेली. ही गाडी भारतात शोरूममधून कधी विकली गेली नाही. टाटांनी २००८मध्ये फोर्डकडून जॅग्वार घेतली आणि २००९मध्ये इथे विक्री सुरू केली, तोवर एस-टाइपचं उत्पादन थांबलं होतं. म्हणजे आपल्याकडे दिसणारी प्रत्येक एस-टाइप कुणीतरी स्वतः परदेशातून आणलेली. डॉक्टरांनी ती २००७मध्ये परत येताना सामानाबरोबर आणली. कायमचं परत येणाऱ्याला अशी सवलत असते, पण अटी कडक: गाडी उजव्या स्टिअरिंगची, बनून तीन वर्षांपेक्षा जास्त न झालेली, आणि आणल्यावर दोन वर्षं विकायची नाही. कस्टम ड्युटी गाडीच्या किमतीपेक्षा जास्त बसली होती.

काकांना ही गाडी का हवी होती, ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. लहानपणी त्यांनी कॅम्पात एका लष्करी अधिकाऱ्याची जुनी जॅग्वार पाहिली होती. चार गोल दिवे, मधे लंबगोल जाळी, मागे उतरत गेलेली पाठ. १९९८मध्ये बर्मिंगहॅमच्या मोटर शोमध्ये आलेली ही एस-टाइप मुद्दाम त्याच घाटाची काढलेली आहे. १९६३च्या एस-टाइपची आणि त्याआधीच्या मार्क टूची आठवण व्हावी अशी. आत अक्रोडाचं लाकूड, कातडी सीट. खाली मात्र फोर्डच्या काळातली रचना, अमेरिकेतल्या लिंकन एलएसबरोबर वाटून घेतलेली.

दुसरं कारण त्यांच्या धंद्यातलं. या २.७ डिझेलचा ब्लॉक कॉम्पॅक्टेड ग्राफाइट आयर्नचा आहे, सीजीआयचा. साध्या बिडात, म्हणजे कास्ट आयर्नमध्ये, ग्राफाइट पापुद्र्यासारखं पसरतं, एसजी आयर्नमध्ये गोळ्यांसारखं, आणि सीजीआयमध्ये आखूड जाड अळ्यांसारखं. मॅग्नेशियमची मात्रा अगदी अरुंद पट्ट्यात धरावी लागते. जरा कमी पडली तर साधं बीड, जरा वाढली तर एसजी. साधलं तर भिंत पातळ ठेवूनही ब्लॉक मजबूत राहतो. काकांनी ३५ वर्षं बीड ओतलंय. मी इंजिनाबद्दल बोलायला लागलो की ते बॉनेटवर हात ठेवून ब्लॉकबद्दल बोलायचे.

अडचण

२०२१च्या दिवाळीनंतर काका कोल्हापूरला एका लग्नाला गेले, तिथे गाडी पाहिली आणि २५ हजार टोकन देऊन आले. मला दुसऱ्या दिवशी कळलं. डॉक्टरांची अपेक्षा सात लाखांची. गाडी एकाच हातातली, रंग मूळचा, आतलं लाकूड कुठेही तडकलेलं नाही.

काकांचा हिशोब सोपा होता: सात लाखांत जॅग्वार. माझ्यासमोर मात्र तीन गोष्टी एकदम उभ्या राहिल्या.

पहिली, गाडी एमएच-०९ आणि घेणारा बेळगावचा. गाडी नावावर करायची तर कोल्हापूर आरटीओची एनओसी, मग केए-२२चा नवा नंबर, आणि कर्नाटकचा लाइफटाइम टॅक्स. हा टॅक्स तुम्ही गाडी कितीला घेतली त्यावर बसत नाही, गाडी नवी नोंदवली तेव्हाच्या किमतीवर बसतो. वयाप्रमाणे टक्का उतरतो, पण पाया तोच. २० लाखांच्या वरच्या गाडीला १८ टक्के, त्यावर ११ टक्के अधिभार. डॉक्टरांची गाडी ड्युटीसकट ४० लाखांच्या आसपास गेली होती. वयाची सूट धरूनही टॅक्स सव्वादोन लाखांवर येत होता. महाराष्ट्रात भरलेल्या टॅक्सचा परतावा? तो १५ वर्षांच्या उरलेल्या काळाचा मिळतो, आणि इथे उरले होते सहा महिने.

दुसरी, आरसीची मुदत. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची. ही १६ मे २०२२ला संपणार होती. त्याच ऑक्टोबरात केंद्राची अधिसूचना आली होती: १ एप्रिल २०२२पासून नूतनीकरणाची फी वाढणार. देशी कारला ५ हजार, आयात केलेल्या चारचाकीला ४० हजार.

तिसरी, यंत्र. या डिझेल इंजिनाचा बदनाम दोष क्रँकशाफ्टचा, म्हणजे पिस्टनच्या वरखाली हालचालीने फिरणाऱ्या मुख्य दांड्याचा. बेअरिंगची शेल जागची फिरते, तेलाची वाट बंद होते आणि क्रँक तुटतो. असं प्रत्येक गाडीत होत नाही, पण झालं तर इंजिनाचा खर्च गाडीच्या किमतीला भिडतो.

समोरचे पर्याय

टोकन गेलं तरी चालेल असं धरून बसायचं, हे मी काकांना आधी कबूल करायला लावलं. मग काकूंसकट आम्ही तिघं बसलो.

काँटेसा घ्यावी का, हा विचार काकांचा. हिंदुस्तान मोटर्सने व्हॉक्सहॉलच्या व्हीएक्सवरून घेतलेली, १९८४ ते २००२ बनलेली. ती रक्ताने ब्रिटिशच, आणि सीमाभागात तिचे जाणकार मेकॅनिक अजून आहेत. पण चांगली काँटेसा शोधण्यात वर्ष जातं, आणि काकांच्या मनात तो आकार नव्हता.

दुसरा पर्याय जॅग्वार एक्सएफ. एस-टाइपच्या जागी आलेली, २०१३पासून पुण्यात जोडली गेलेली. केए पासिंगची २.२ डिझेल मिळाली तर टॅक्सचा प्रश्नच नाही, भाग मागवता येतात, नूतनीकरणाला अजून वेळ. डोक्याने विचार केला तर हाच पर्याय सरस होता आणि मी तो लावून धरला. काकांनी एक चालवूनही पाहिली. उतरल्यावर म्हणाले, "चांगली आहे रे. पण ही आजची गाडी." मी पुढे बोललो नाही. असली गाडी माणूस गरजेपोटी घेत नाही, तेव्हा मन कुठे आहे हेही मोजमापातच धरावं लागतं.

तिसरा पर्याय इथल्या प्रत्येक घरात निघतो: गाडी गडहिंग्लजच्या जावयाच्या नावावर घ्यायची, एमएच पासिंग तसंच ठेवायचं, फिरवायची बेळगावात. कर्नाटकचा टॅक्स वाचतो. आपल्या भागात सोयरिक दोन्हीकडे असल्यामुळे हे इतकं सरावाचं झालंय की त्यात काही चुकतंय असं कुणाला वाटत नाही. मी ठाम नाही म्हणालो. दुसऱ्या राज्यात गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर तिथला नंबर घ्यावाच लागतो, कायद्याचं ४७वं कलम तेच सांगतं. त्याहून मोठं म्हणजे अपघात झाला तर कोर्टात जावई उभा राहतो. गाडी कायम काकांकडे असताना विमा जावयाच्या नावावर असेल, तर क्लेमच्या वेळी विमा कंपनी पहिला प्रश्न हाच विचारते. सव्वादोन लाखांसाठी लेकीच्या घरात हे नेऊन ठेवायचं का, एवढंच मी विचारलं. काकूंनी तिथेच विषय संपवला.

काकूंनी आणखी एक विचारलं. "रात्री घाटात बंद पडली तर मी कुणाला फोन करू, ते सांगा की." हा प्रश्न आमच्यापैकी कुणाच्या यादीत नव्हता, आणि त्यामुळे एक अट ठरली: घरची इनोव्हा विकायची नाही. एस-टाइप आली तरी ती दुसरी गाडी.

शेवटी ठरलं ते असं: एस-टाइपच, पण तपासणी माझ्या पद्धतीने, आणि कागदांचा क्रम आपण ठरवायचा.

तपासणी

जानेवारीत आम्ही सकाळी सात वाजता कोल्हापुरात पोहोचलो. डॉक्टरांना आदल्या दिवशी सांगून ठेवलं होतं की आमच्याआधी इंजिन सुरू करू नका. गार इंजिन खरं बोलतं. अर्ध्या फेऱ्यात सुरू झालं, धूर दोन-तीन सेकंद, मग स्वच्छ.

पहिला धक्का मीटरवर. डॉक्टरांनी ६८ हजार सांगितले होते आणि काकांनी ते किलोमीटर समजले होते. गाडी इंग्लंडची, ओडोमीटर मैलांत. म्हणजे जवळजवळ १ लाख ९ हजार किलोमीटर. डॉक्टरांनी काही लपवलं नव्हतं, त्यांच्या डोक्यात मैलच होते. पण बेल्ट, गिअर ऑइल, शॉक अॅब्सॉर्बर, सगळ्यांचं वय एका क्षणात दीडपटीहून जास्त वाढलं.

गिअरबॉक्स झेडएफचा सहा गिअरचा ६एचपी२६. या गिअरबॉक्सबद्दल एक चांगली गोष्ट अशी की त्या काळातल्या बीएमडब्ल्यूतही तोच आहे, त्यामुळे पुण्यात-बंगळुरात तो उघडणारे हात सापडतात. वाईट गोष्ट म्हणजे 'ऑइल आयुष्यभराचं' असं गाडी कंपन्यांनी सांगितलं आणि लोकांनी ते खरं धरलं. डॉक्टरांनीही कधी बदललं नव्हतं. खाली वाकून पाहिलं तर वायरिंगचा गोल कनेक्टर जिथे शिरतो तिथे तेलाचा ओलावा होता. तिथली प्लास्टिकची बाही आणि तिचे सील झिजतात, हे या गिअरबॉक्सचं ठरलेलं दुखणं. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये हलका धक्का होता, घसरण नव्हती.

मग सिल, म्हणजे दाराखालचा पट्टा. इंग्लंडात हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, या गाडीने तिथे दोन हिवाळे काढले होते. मी टॉर्च घेऊन खाली सरकलो, तोवर काका दुसऱ्या बाजूला उकिडवे बसले होते. त्यांनी खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला आणि पितळी किल्लीच्या बोथट टोकाने पट्टा ठोकत पुढून मागे येऊ लागले. फौंड्रीत कास्टिंग असंच वाजवून घेतात, चांगलं असेल तर घणघणतं. टिण, टिण, टिण. मागच्या चाकाच्या चार बोटं अलीकडे आवाज बदलला. "इथं बद्द येऊलाय बघ," ते म्हणाले. जॅक लावायची तीच जागा. वरून रंग फक्त तांदळाएवढा फुगला होता. मी स्क्रू ड्रायव्हर टेकवला तर पत्रा आत दबला. टॉर्चने मला ते दिसलं नसतं, हे मला इथे नोंदवायचंय.

आणि क्रँकचा प्रश्न. बाहेरून बेअरिंग कळत नाहीत. डॉक्टरांना विचारलं, आम्ही आमच्या खर्चाने ऑइल आणि फिल्टर बदलून देतो, जुना फिल्टर आम्हाला द्या. ते तयार झाले. या इंजिनात फिल्टर कागदी, प्लास्टिकच्या टोपणाखाली बसतो. ओळखीच्या गॅरेजात तो काढला, ब्लेडने घड्या कापल्या, पांढऱ्या धोतराच्या फडक्यावर पसरल्या आणि उन्हात नेल्या. बेअरिंग सुटायला लागलं असेल तर घड्यांच्या मधे चकचकीत कण दिसतात, जरीच्या चुऱ्यासारखे. मी एकेक घडी बोटाने चोळत गेलो. काजळी भरपूर, डिझेलमध्ये ती असतेच. चकाकी नाही. काकांनी चुंबक फिरवला, त्याला चिमूटभरही काही लागलं नाही. यावरून इंजिनाची हमी मिळत नाही, पण पुढे जायला हा आधार पुरेसा होता.

कागद

आयात गाडीत मी यंत्राइतकाच कागदांना घाबरतो. ड्युटी चुकवून आणलेल्या गाड्या तिसऱ्या-चौथ्या मालकाकडून जप्त झाल्याची उदाहरणं देशात घडली आहेत. म्हणून मला कस्टमचं मूळ बिल ऑफ एंट्री हवं होतं, झेरॉक्स नको. डॉक्टरांनी ते लोखंडी ट्रंकेतून काढलं, पासपोर्टच्या जुन्या प्रतीबरोबर. चॅसिस नंबर तीन ठिकाणी जुळवला: गाडीवर, आरसीवर, बिलावर. ड्युटीचं चलन जोडलेलं होतं. दोन वर्षं न विकण्याची अट कधीच संपली होती, कर्ज नव्हतं.

यानंतरचा निर्णय मला या सगळ्या व्यवहारातला सर्वात मोलाचा वाटतो. साधा रस्ता असा की एनओसी लगेच घ्यायची, गाडी बेळगावात आणायची आणि नूतनीकरण इथे करायचं. तसं केलं असतं तर मे महिना उजाडला असता आणि ४० हजारांची फी लागली असती. पण मुदत संपण्याआधी ६० दिवस नूतनीकरणाचा अर्ज करता येतो. १६ मेपासून मागे मोजलं तर १७ मार्च. म्हणजे १७ ते ३१ मार्च अशी पंधरवड्याची खिडकी होती, ज्यात डॉक्टरांच्या नावावर, कोल्हापुरातच, जुन्या फीमध्ये काम होणार होतं. त्यासाठी गाडी अजून दोन महिने डॉक्टरांकडे राहायला हवी होती आणि सिलचं काम त्याआधी व्हायला हवं होतं, कारण फिटनेसला गाडी दाखवावी लागते.

थांबणं काकांना जड गेलं. पण थांबले.

सौदा

टॅक्सचा आकडा, मैलांचा हिशोब आणि सिलचा फोटो घेऊन मी डॉक्टरांसमोर बसलो. घासाघीस केली नाही. गाडी रस्त्यावर आणायला पहिल्या वर्षी किती लागणार, ते एका कागदावर लिहून त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं. त्यांनाही गाडी योग्य हातात जावी असं वाटत होतं. किंमत ४ लाख २० हजार ठरली. नूतनीकरणाचा खर्च अर्धा-अर्धा, सिलचं काम आमचं.

पैसे तीन टप्प्यांत: टोकन दिलेलंच, नूतनीकरण झालेली आरसी हातात आल्यावर पावणेदोन लाख, उरलेले एनओसी मिळाल्यावर. करारपत्र इंग्रजीत केलं, कारण तेच कागद कोल्हापुरातही दाखवायचे होते आणि बेळगावातही. मराठी करारपत्र इकडे आणि कन्नड अर्ज तिकडे, असं झालं की काम अडत नाही पण फेऱ्या वाढतात.

मार्चच्या चौथ्या आठवड्यात फिटनेस झालं, एप्रिलमध्ये एनओसी आली आणि काका गाडी घेऊन कोगनोळी नाक्यावरून कर्नाटकात शिरले. विमा १४ दिवसांच्या आत नावावर करून घेतला. बेळगावात टॅक्स भरून केए-२२चा नंबर जूनमध्ये मिळाला.

पुढे काय झालं

पहिल्या वर्षाच्या कामांना २ लाख १० हजार लागले. गिअरबॉक्सचं ऑइल, कनेक्टरची बाही, आणि प्लास्टिकचा पॅन. त्याचा फिल्टर आतच ओतलेला असतो, म्हणून पॅन अख्खाच बदलावा लागतो. सस्पेन्शनचे पुढचे खालचे आर्म, चार टायर, बॅटरी. बॅटरीबद्दल एक सांगतो: ही गाडी बॅटरी कमकुवत झाली की गिअरबॉक्सचा, पार्किंग ब्रेकचा, वाटेल तो दोष पडद्यावर दाखवते. खर्चाची यादी करण्याआधी बॅटरी चांगली घालून बघावी, अर्धे दोष आपोआप जातात. गिअरचा धक्का ऑइल बदलल्यावर जवळजवळ गेला. हे ऑइल ठरावीक तापमानाला, इंजिन चालू ठेवून भरायचं असतं, त्यामुळे ते काम आम्ही पुण्यातल्या माणसाकडून करून घेतलं.

नोव्हेंबरमध्ये काका-काकू कोल्हापूरहून परतत होते. निपाणी सोडून तवंदी घाट चढताना इंजिन थांबलं. खडखड नाही, धूर नाही, दिवा विझावा तसं. स्टिअरिंग जड झालं, ब्रेकच्या बूस्टरमध्ये दोन दाबांपुरता व्हॅक्यूम उरला होता. काकांनी पहिल्याच दाबात गाडी कडेला घेतली. त्यांचा फोन आला तेव्हा माझ्या मनात एकच शब्द आला: क्रँक. काकूंचा प्रश्न घाटातच खरा ठरला होता.

आलेल्या टोचनवाल्याला दोरी लावून ओढायची होती. मी फोनवरूनच नको म्हणालो. मागची चाकं गिअरबॉक्सला जोडलेली असतात, इंजिन बंद ठेवून ती फिरवली तर गिअरबॉक्सला तेल मिळत नाही. सपाट पाठीची गाडी निपाणीहून मागवली, तीन तास गेले.

निघालं वेगळंच. या इंजिनाला दोन बेल्ट असतात. पुढचा टायमिंग बेल्ट सगळ्यांना ठाऊक. मागे एक छोटा बेल्ट असतो, तो हाय प्रेशर डिझेल पंप फिरवतो. २०१६च्या बिलावर 'टायमिंग बेल्ट किट बदलले' असं लिहिलं होतं. तो पुढचा. मागचा १७ वर्षांचा, मूळचाच होता. तो तुटल्यावर डिझेल थांबलं आणि इंजिन शांतपणे बंद पडलं. पुढचा तुटला असता तर वॉल्व्ह पिस्टनवर आदळले असते. बेल्ट, पंपाची तपासणी, टोचन मिळून ५५ हजार.

सगळं धरून गाडी ९ लाख ३० हजारांच्या आसपास पडली, डॉक्टरांच्या ४ लाख २०मधून सुरू होऊन.

आज वेगळं काय केलं असतं

मागच्या बेल्टची चूक माझी. बिल वाचलं, पण 'किट'मध्ये नेमकं काय ते त्या गॅरेजला फोन करून विचारलं नाही. आता या कुळातल्या इंजिनाची कुठलीही गाडी आली, लँड रोव्हरची डिस्कव्हरी ३ असो की जॅग्वार, की मी आधी मागच्या बेल्टची तारीख विचारतो. उत्तर मिळालं नाही तर तो बदलायचा खर्च किमतीतून वजा.

टोकनाच्या आधी टॅक्स काढायला हवा होता. जुन्या नोंदणीची किंमत आणि तारीख एवढं कळलं की बेळगाव आरटीओत एका सकाळीत आकडा मिळतो. टोकन दिल्यावर माणूस मनाने गाडी घेऊन बसलेला असतो, मग प्रत्येक नवा खर्च त्याला 'एवढ्यासाठी काय सोडायची' असा वाटतो. डॉक्टर समजूतदार निघाले म्हणून किंमत उतरली. दुसरा कुणी असता तर काकांनी साडेसहाला घेतली असती, हे मला पक्कं माहीत आहे.

एक्सएफबद्दल मात्र माझं मत बदललेलं नाही, आणि काकांचंही. ज्याला रोज चालवायला ब्रिटिश गाडी हवी आहे त्याने स्थानिक पासिंगची एक्सएफ घ्यावी. एस-टाइप त्यानेच घ्यावी ज्याच्या घरी दुसरी गाडी आहे आणि ज्याला घाटात तीन तास थांबावं लागलं तरी दुसऱ्या दिवशी तिच्यावरून हात फिरवावासा वाटेल.

पुढचा निर्णय जवळ आलाय. नूतनीकरण पाच वर्षांचं, म्हणजे मे २०२७पर्यंत. तोवर गाडीच्या नोंदणीला २० वर्षं होतील, आणि ऑगस्ट २०२५मध्ये आलेल्या नव्या दरांनी २० वर्षांपुढच्या आयात चारचाकीची फी ८० हजार केली आहे. या वेळी खिडकी नाही. काकांनी दर महिन्याला काही रक्कम वेगळ्या पाकिटात ठेवायला सुरुवात केली आहे. परवा उद्यमबागेत गेलो तेव्हा ते पाकीट टेबलाच्या खणात होतं, आणि त्याच्याखाली घडी करून ठेवलेला, दात झिजलेला तो मागचा बेल्ट.